घडी स्टँडची होते, सायकलची नाही

रत्नागिरीहून एका गृहस्थांनी विचारलंय. दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, समुद्र चालत दहा मिनिटांवर. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. घरात तीन सायकली आहेत: त्यांची स्वतःची २९ इंची एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक), बायकोची हायब्रिड (तिच्यापेक्षा बारीक टायरची) आणि मुलीची २० इंची. मोठ्या दोन्हींना डिस्क ब्रेक. सध्या तिन्ही हॉलमध्ये भिंतीला टेकवलेल्या असतात आणि एक घसरली की तिन्ही खाली येतात. जमिनीवर ठेवायचा, घडी होणारा स्टँड घ्यायचाय. ऑनलाइन सहाशे रुपयांपासून चार हजारांपर्यंत दिसतात, फोटोत सगळे सारखेच. कोणता घ्यावा, तिन्हींना मिळून एक की वेगवेगळे, आणि गणपतीत हॉल रिकामा करावा लागतो म्हणजे घडी होणाराच बरा ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गोम तिथंच आहे.

गणपतीत मुंबईहून माणसं आली, हॉलमध्ये मखर मांडायचं, रात्री तिथंच सतरंज्या पडायच्या. तुम्ही स्टँडची घडी घातलीत आणि पलंगाखाली सरकवलात. झकास. मग सायकली कुठं ठेवाल? सायकलींची तर घडी होत नाही. त्या पुन्हा कुठल्यातरी भिंतीला टेकणार, आणि घर पोराटोरांनी भरलेलं असताना टेकणार. म्हणजे स्टँडची खरी गरज जेव्हा असते नेमका तेव्हाच तो घडी घालून आत गेलेला. घडीमुळे जागा वाचते ती फक्त सायकली बाहेर असतील तेवढा वेळ, आणि तेवढ्यासाठी रोज वाकून स्टँड मिटणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पहिले चार दिवस मिटतात, पाचव्या दिवसापासून तो कायमचा उघडा.

तरी घडीचा उपयोग आहे, पण वेगळा. सायकलींची सगळी मांडामांड उचलून गॅलरीत किंवा जिन्याच्या चौकात हलवता येते. घर बदललं तर टेम्पोत जागा कमी लागते. पुराचं पाणी घरात शिरायची वेळ आली तर बगलेत मारून वर नेता येतो. म्हणजे वर्षातून पाच-सहा वेळा. त्यामुळे ‘दोन सेकंदात घडी’ असल्या जाहिरातीला भुलू नका. घडी घालायला पाच मिनिटं आणि एक पाना लागला तरी चालेल. उघडल्यावर तो गदगदता कामा नये, आणि तीन पावसाळ्यांनंतरही मिटला पाहिजे. मी निवड ह्या दोन गोष्टींवर करतो.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान चिपळूणला आहे, चोवीस वर्षं झाली. पूर्वी पंक्चर, आउट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं) आणि भाड्याच्या सायकली एवढंच होतं. गेल्या आठ-नऊ वर्षांत गिअरच्या सायकली वाढल्या आणि त्यांच्या मागून हे स्टँड आले. गिअरच्या बहुतेक सायकलींना स्वतःचा स्टँड नसतो, म्हणून हा सगळा प्रपंच.

आता मुख्य मुद्दा: स्टँड सायकलला धरतो कुठं?

स्वस्तातले बहुतेक स्टँड चाक खालच्या बाजूला धरतात. जमिनीपासून वीतभर उंचीच्या दोन दांड्या, त्यांच्या मधल्या खाचेत टायर बसवायचं. शाळेबाहेर, मॉलच्या पार्किंगमध्ये असतात तसलेच, फक्त पाय मिटणारे. अडचण अशी की चाक उभ्या भाराला दणकट असतं, आडव्या रेट्याला नाजूक. वजनदार माणूस खड्ड्यात आपटला तरी रिम सहन करते, पण तेच चाक खाली घट्ट पकडून वरून हँडल बाजूला ढकललं की सगळा पीळ आऱ्यांवर येतो.

हे मी स्वतःच्या दुकानात बघितलंय. दारात असाच एक पाच खाचांचा स्टँड ठेवला होता. एका गिऱ्हाइकाची हायब्रिड पुढच्या चाकावर त्यात लावलेली. शेजारची सायकल काढताना एका पोराचा धक्का लागला आणि ती आडवी झाली. चाक मात्र खाचेतून सुटलं नाही. फ्रेम फिरली, चाक जागच्या जागी मुरगळलं. रिमचा आउट काढायला अर्धा तास गेला, तो गेला तर गेला. पण डिस्क ब्रेकची, चाकाच्या मधोमध असते ती धातूची चकती दांडीवर आपटून वाकली होती. ब्रेकचे पॅड आणि चकती यांच्यात दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटरसुद्धा फट नसते. चकती केसभर वाकली तरी प्रत्येक फेऱ्याला ‘खर्र... खर्र...’ ऐकू येतं. पान्याने हळूहळू सरळ केली, आवाज शंभर टक्के काही गेला नाही. शेवटी नवी चकती माझ्या खर्चाने घातली आणि तो स्टँड भंगारात दिला.

त्यातून दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे मागचं चाक धरणारा स्टँड घ्यायचा. पुढचं चाक धरलं की हँडलच्या सांध्यावर अख्खी फ्रेम फिरू शकते, आणि वजन सगळं त्या फिरणाऱ्या फ्रेमचं. मागचं चाक फ्रेममध्ये पक्कं असतं. ते धरलं की फार तर हँडल वळेल, सायकल जागची हलणार नाही. दुसरं म्हणजे पकड जितकी उंच तितकी बरी. टायरला खाली दोन ठिकाणी आणि मागून किंवा पुढून चाकाच्या मध्याच्या आसपास उंचीला एका ठिकाणी, अशी तीन जागी धरणारी रचना हवी. फोटो बघताना हे शोधा: टायरला टेकणारी वरची कमान एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, उंचीजवळ पोचतेय का? नुसती वीतभर असेल तर पुढचं पान.

आता खाचेची रुंदी. इथं बहुतेकजण फसतात, कारण जाहिरातीत ‘सर्व सायकलींना चालेल’ असं लिहिलेलं असतं. सर्व सायकलींना चालणारी खाच म्हणजे सर्वांत जाड टायरची खाच. तुमच्या एमटीबीचं टायर २.१ किंवा २.२ इंच असेल, म्हणजे ५३ ते ५६ मिलिमीटर. हायब्रिडचं साधारण ३५ ते ४०. एमटीबीच्या खाचेत हायब्रिड ठेवली की वीसेक मिलिमीटर फट राहते. वीस मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? हिशेब करा. धरायची जागा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि हँडल १०० सेंटिमीटरवर असेल, तर तीच फट हँडलपाशी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसहा सेंटिमीटर होते. पकड १५ सेंटिमीटरवरच असेल तर तेरा. सायकल पडणार नाही, पण दारुड्यासारखी कलून उभी राहील आणि शेजारणीच्या गिअरला खेटेल. खाच मागेपुढे करता येते अशा रचनेचे, किंवा इंग्रजी ‘व्ही’सारख्या आकाराचे, टायर खाली दाबलं की आपोआप घट्ट बसणारे स्टँड मिळतात. थोडे महाग, पण तेच घ्या.

टायरची रुंदी बाजूवर छापलेली असते, तरी प्रत्यक्ष मोजा, पुरी हवा भरून. पावसाळ्यात दोन-तीन महिने सायकल उभी राहिली की हवा उतरते, टायर चपटं होतं आणि आधी नीट बसलेली सायकलसुद्धा कलते. गिऱ्हाईक मग सांगत येतं की स्टँड बिघडला. स्टँडला काही झालेलं नसतं. पंप घ्या नि हवा मारा.

आणखी एक जात आहे: मागच्या फ्रेमच्या दोन दांड्यांना किंवा एक्सलच्या नटांना आकड्यात अडकवून चाक जमिनीपासून उचलणारा स्टँड. घरी चेन धुवायला, गिअर लावायला हा फार सोयीचा, मी स्वतः वापरतो. पण नुसतं ठेवण्यासाठी घ्यायचा तर आधी एक्सल बघा. बऱ्याच नवीन एमटीबींना थ्रू-एक्सल (आरपार घालून फ्रेममध्येच आवळायचा दांडा) असतो, त्याला बाहेर नट नसतो, म्हणजे एक्सलवर अडकवायचे आकडे निरुपयोगी. दांड्यांना अडकवणारा असेल तर डाव्या बाजूला डिस्कचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) आकड्याच्या आड येत नाही ना, तेही बघा. दोन्ही सायकलींचा डाव्या बाजूचा मागचा भाग जवळून फोटो काढून पाठवलात तर मी सांगू शकेन.

आता आपल्याकडची खरी दुखरी जागा: सांधा.

एकाच बनावटीचे दोन स्टँड मी एकाच महिन्यात विकले होते. एक इथं चिपळुणात, बाजारपेठेमागच्या घरात, आणि एक गुहागरला समुद्राकडच्या वाडीत. दीड वर्षाने गुहागरचा परत आला, उघडाच, कारण मिटेना. बोल्टवर हातोडी मारली तेव्हा पावडर कोटिंगचा पापुद्रा बशीएवढा सुटून आला आणि खालून काथाच्या रंगाचं पाणी आलं. वरून रंग काळाभोर चकचकीत होता. चिपळूणचा आजही चालतो.

कारण सोपं आहे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच इथं होतं. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच पाझरायला लागतं. खाऱ्या वाऱ्याने स्टँडवर हा थर बसतो आणि आपल्या हवेत तो पुरता सुकतच नाही. सपाट नळीवर कोटिंग आहे, ती तग धरते. सांध्यात मात्र लोखंडावर लोखंड घासतं, घडी घालताना कोटिंग निघतं, आणि आत गेलेला ओलावा बाहेर यायला वाट नसते. ‘पाऊस लागत नाही तिथं ठेवलाय’ असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा मी मान डोलावतो. गंज लागायला पाऊस लागत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो तो वेगळाच.

म्हणून घेताना सांध्याचा फोटो मोठा करून बघा. रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेली, न उघडणारी खीळ असेल तर घेऊ नका. रिव्हेट गंजली की स्टँड संपला. आरपार नटबोल्ट असेल तर पार्सल आल्याआल्या ते सगळे बोल्ट काढून स्टेनलेसचे घाला. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, जुना नमुना घेऊन जा. डोक्यावर ए-२ कोरलेलं असेल तर ते ३०४ स्टेनलेस, ए-४ असेल तर ३१६. समुद्राच्या इतक्या जवळ ए-४ मिळाले तर उत्तम. ए-२ वर चहाच्या डागांसारखे डाग पडतात, पण ते जाम होत नाहीत, त्यामुळे तेही चालतील. नट आत नायलॉनची चकती असलेला, नायलॉक म्हणतात तो. सांध्यात आणि आट्यांवर साधं ग्रीस भरपूर. खोबरेल नको, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडे कुलूप, बिजागरी, शिवणयंत्र, सगळ्याला खोबरेल लावायची रीत आहे. ते २४ अंशांखाली गोठतं, वर धूळ धरतं आणि वर्षभरात त्याचा चिकटा होतो.

नळ्यांच्या टोकांची रबरी बुचंही एकदा काढून बघा. आत कापलेली कड कोरी असते, तिथं कोटिंग पोचलेलं नसतं. बुचाखाली पाणी साचून नळी आतून कुजते. बोटाने ग्रीस फिरवा आणि बुच परत बसवा. दहा मिनिटांचं काम आहे, वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी.

मग अॅल्युमिनियमचा का घेऊ नये? घ्या, बजेट असेल तर. तांबडा गंज येणार नाही. पण त्यातले बोल्ट पोलादीच असतात, आणि खाऱ्या दमट हवेत त्या दोन धातूंच्या मध्ये पांढरी पूड धरून सांधा तसाच अडकतो. ग्रीस तिथंही चुकत नाही.

जमिनीबद्दल फार काही नाही. तुमच्याकडे गुळगुळीत टाइल्स असतील, आणि दमट दिवसांत त्यांना घाम फुटतो. त्यावर प्लास्टिकचे पाय घसरतात, म्हणून पायांना रबर हवं. काळं रबर फिक्या फरशीवर डाग पाडतं, खाली चटईचा तुकडा टाका. ज्यांच्याकडे अजून सारवलेली पडवी आहे त्यांनी स्टँडखाली फळी ठेवावी, नाहीतर पाय रुततात आणि सायकल एका बाजूला झुकते.

तिन्हींना मिळून एक, की वेगवेगळे? तीन खाचांचा अखंड स्टँड स्वस्त पडतो, पण त्यातल्या खाचांमधलं अंतर कारखान्याने ठरवलेलं असतं. एमटीबीचं हँडल ७२ ते ७६ सेंटिमीटर रुंद, हायब्रिडचं साठच्या वर. खाचा ३० सेंटिमीटरवर असतील तर हँडलं एकमेकींत अडकणारच. सुटे दोन घेतलेत तर एक सायकल उलट्या तोंडाने लावता येते, हिच्या हँडलापाशी तिचं मागचं चाक. तेवढ्याने रुंदी बरीच कमी होते. दोघींत वीतभर अंतर पुरतं, फक्त आतल्या बाजूचं पायडल खाली किंवा मागे फिरवून ठेवा, नाहीतर ते शेजारच्या आऱ्यांत घुसतं. आणि लावण्याआधी चेन मागच्या सर्वांत मोठ्या दातेचक्रावर घ्या. गिअरचा लोंबता भाग आत सरकतो, येताजाता पाय लागून त्याचा हँगर (तो फ्रेमला जोडणारी पट्टी) वाकत नाही. गॅलरीत न्यायच्या वेळी हे जास्तच महत्त्वाचं. तिथं झड येते, तेव्हा चार-पाच दिवसांच्या वर तिकडे ठेवू नका.

हे सगळं तुमच्या घरापुरतं. परिस्थिती बदलली की उत्तर बदलतं. कॅरिअर, मडगार्डवाली जुनी काळी सायकल असेल तर तिचा स्वतःचा डबल स्टँड असल्या कुठल्याही विकतच्या स्टँडपेक्षा भक्कम असतो, त्याची स्प्रिंग तेवढी बदला. बॅटरीची सायकल असेल तर वजन २० ते २५ किलोपर्यंत जातं, तिला हलका घडीचा स्टँड देऊ नका. स्वतःचं चिऱ्याचं घर असेल आणि भिंतीला हात लावायची मुभा असेल, तर मी भिंतीचा आकडाच सुचवला असता. फक्त चिऱ्याच्या मऊ जांभ्या दगडात स्क्रूसाठी भोकात ठोकायचा साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, हळूहळू सैल होऊन निसटतो. तिथं आरपार बोल्ट किंवा भिंतीवर आधी लाकडी पट्टी मारावी लागते.

आणि नदीकाठचे, तळमजल्यावरचे लोक असतील तर त्यांना मी घडीचाच देतो, कारण आम्ही ते भोगलंय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या दुकानातल्या एकोणीस सायकली पाण्याखाली होत्या. त्यातल्या बाराचे छर्रे, बेअरिंगं, सगळं चिखलातून उपसून काढलं. जमिनीला बोल्ट मारून बसवलेला माझा मोठा स्टँड जागचा हलला नाही, आणि त्यातल्या सायकलीही हलल्या नाहीत. घाईत एकेक कुलूप उघडून वर न्यायला जमलं नाही. त्यानंतर दुकानात जमिनीला ठोकलेलं काही ठेवलं नाही.

तर तुमच्यासाठी: मागचं चाक तीन जागी धरणारे, खाचेची रुंदी जुळवता येणारे, नटबोल्टच्या सांध्याचे दोन सुटे स्टँड. तुम्ही सांगितलेल्या किमतींत मधल्या पट्ट्यात असे मिळतात. आधी एकच मागवा. आला की तुमची एमटीबी लावा, आणि हँडलच्या टोकाला एका बोटाने बाजूला ढकला. सायकल आणि स्टँड दोन्ही मिळून थोडे हलले तर ठीक. चाक जागेवर राहून फ्रेम कलली, किंवा पलीकडचा पाय फरशीवरून उचलला गेला, तर परत पाठवा. मुदत संपायच्या आत करा हे, आणि बोल्ट बदलण्याआधी करा, नाहीतर परत घेणार नाहीत. मग हायब्रिड लावून तेच पुन्हा. दोन्ही पास झाल्या की दुसरा मागवा.

मुलीच्या सायकलीला स्टँड घेऊच नका. तिला साइड स्टँड बसवून घ्या, कुठल्याही सायकल मार्टमध्ये दहा मिनिटांत होतं. रोज सगळ्यांत जास्त वेळा काढली-ठेवली जाणारी सायकल तिचीच असणार, आणि नेमकी खाचेत चाक घालून ठेवायला पोरं काही थांबत नाहीत. शिवाय दोन वर्षांत ती २४ इंचीवर येईल. तेव्हा ही २० इंची कुणाला दिलीत तर साइड स्टँडसकट जाईल.